सीतेची वेणी लातुरात: कोकणातून आलेल्या एका आमरीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या ओळखीच्या एका घरातलं आहे. नावं, गल्ली, शाळा सगळं गाळलंय. घडलं ते तसंच ठेवलंय. मी लातुरात गच्चीवर झाडं वाढवतो, त्यांत थोड्या आमऱ्याही आहेत. आमरी म्हणजे ऑर्किड. त्यामुळे झाड मरायला टेकलं की लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. या वेळीही उशीरच झाला होता, पण हातचं अगदीच गेलं नव्हतं. कोकणातली, केरळातली किंवा ईशान्येकडची आमरी मराठवाड्यात आणून वाढवायची ज्यांना इच्छा आहे, त्यांनी यातले निर्णय नीट पाहावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

ताई शिक्षिका आहेत. सासर लातूरचं, माहेर कुडाळ तालुक्यातलं. माहेरच्या परसात एक जुना रायवळ आंबा आहे आणि त्याच्या फांद्यांवर पिढ्यानपिढ्या सीतेची वेणी वाढतेय. काही ठिकाणी हिलाच द्रौपदीची वेणी म्हणतात. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा. पानं जाड, चामड्यासारखी, पन्हळीसारखी मधोमध दुमडलेली. टोक असं की कुणी दातानं वेडंवाकडं तोडलंय. मे-जूनमध्ये पानांच्या बगलेतून फुलोरा निघतो आणि सरळ खाली लोंबतो. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट गुलाबी ठिपके, एकेका वेणीला शंभरावर फुलं. आसामात हेच कपौ फूल, बिहूला बायका ते केसांत माळतात, आणि आसामचं ते राज्यपुष्पही आहे. ताईंच्या लेखी मात्र ते आजीच्या अंबाड्यातलं फूल.

एका जूनमध्ये, पाऊस लागायच्या तोंडावर आलेल्या वादळात आंब्याची एक मोठी फांदी कोसळली. फांदी फोडून जळणाला जाणार होती. ताई सुट्टीला तिथंच होत्या. त्यांनी फांदीवरचं एक झाड ओढून सोडवलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि रात्रीच्या गाडीनं लातूरला आणलं.

घरी कुंडी तयारच होती. काळी माती, निम्मं शेणखत, वर बोअरचं पाणी, रोज संध्याकाळी तांब्याभर. प्रेमात काही कमी नव्हतं. सासूबाईंनी तर कुंडीला हळदीकुंकूही वाहिलं होतं.

अडचण

गणपतीच्या आधी ताईंचा फोन आला. "काका, खालची पानं पिवळी पडून गळायलीत. पाणी कमी पडतंय का?"

मी जाऊन कुंडी उपडी केली. माती गच्च, आंबूस वास. मुळं धुतली तेव्हा खरं चित्र दिसलं. एकूण अकरा मुळं, त्यांतली आठ बोटानं दाबली की साल निसटून हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. तीन मुळं टणक होती, पण त्यांच्यावर चुन्यासारखा पांढरा थर चढलेला. वर पाच पानं उरलेली, त्यांतलं एक सुरकुतलेलं.

इथं झाडाची रचना समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचे निर्णय कळणार नाहीत. सीतेची वेणी मातीत वाढत नाही, ती दुसऱ्या झाडाच्या सालीवर वाढते. तिच्या मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं जाड आवरण असतं. पावसाचं, धुक्याचं, दंवाचं पाणी ते क्षणात शोषून घेतं आणि मग वाऱ्यावर वाळतं. कोरडं मूळ रुपेरी पांढरं दिसतं. भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. आमच्या गच्चीवर आलेल्या प्रत्येकाला मी हे एकदा तरी दाखवतो: पाण्याचा फवारा मारायचा आणि मूळ हिरवं होताना बघायचं. या मुळाला भिजणं लागतं आणि वाळणंही तितकंच लागतं. गच्च काळ्या मातीत ते वाळतच नाही, हवा मिळत नाही आणि कुजतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. माझ्याकडे पाण्यातले क्षार मोजायचं खिशातलं मीटर आहे. त्यांच्या बोअरचं पाणी अकराशेच्या वर गेलं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर सांगतं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे माणसाला ते पाणी भागून जाईल. पण झाडावर वाढणाऱ्या आमरीला जन्मभर पावसाचं पाणी मिळालेलं असतं, आणि पावसाच्या पाण्यात क्षार नावापुरते. मुळांवरचा तो पांढरा थर या बोअरच्या पाण्याचाच होता.

तिसरी गोष्ट पुढं येणार होती: उन्हाळा. कुडाळकडं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडं साधारण ७०० ते ८००. पण मला काळजी पावसाची नव्हती. कोकणातही नोव्हेंबर ते मे पाऊस नसतोच आणि झाड तो काळ काढतं. ते कशावर काढतं? रात्रीच्या दमट हवेवर आणि पहाटेच्या दंवावर. अशा जाड पानांच्या आमऱ्या बहुधा रात्री पानांची छिद्रं उघडून हवा आत घेतात आणि दिवसा ती मिटून पाणी राखतात. त्यामुळे रात्रीची हवा कोरडी असेल तर दिवसा कितीही पाणी ओता, हिशेब जुळत नाही. एप्रिल-मेमध्ये लातूरची रात्रसुद्धा कोरडी असते. माझ्या मते या प्रकरणातली मूळ अडचण हीच होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मीच मांडला: झाड परत कुडाळला पाठवा. त्याच आंब्याच्या दुसऱ्या फांदीला बांधलं की पावसाळा त्याला सावरेल. हे मी मनापासून सांगितलं होतं. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथं आता बघणारं कोण आहे, काका? आई दम्यानं आजारी, भाऊ मुंबईला." शिवाय तीन मुळांवर उभं असलेलं झाड पुन्हा रात्रभर गाडीत कोंडायचं, हाही धोका होताच. शेवटी ठेवायचं ठरलं.

दुसरा पर्याय अंगणातल्या कडुनिंबाला बांधायचा. नैसर्गिक आणि बिनखर्चाचा. शेजाऱ्यांनी हरकत घेतली: "बांडगूळ लावायलात का लिंबाला? वाळून जाईल झाड." हा गैरसमज आपल्याकडं फार आहे. बांडगूळ फांदीत शोषकं घुसवून तिचा रस पितं; आमरी फक्त सालीला धरून राहते, झाडाचं काही घेत नाही. तेव्हा ती हरकत मी मानली नाही, पण कडुनिंब सोडला तो वेगळ्या कारणानं. इतक्या कमी मुळांचं झाड उघड्या खोडावर बांधलं तर आमच्या वाऱ्यात ते दिवसातून तीनदा वाळलं असतं, आणि उन्हाळ्यात हवं तेव्हा हलवताही आलं नसतं.

तिसरा, काचेच्या पेटीत बंद ठेवायचा. इंटरनेटवर पाहून ताईंच्या मुलानं सुचवला होता. ओलावा टिकतो हे खरं, पण वारा नसतो, आणि कुजून निघालेल्या मुळांना सगळ्यात आधी वारा हवा होता.

चौथा, लाकडी पट्ट्यांची टोपली. तो घेतला.

काय केलं

कुजलेली मुळं निर्जंतुक ब्लेडनं कापली. कापलेल्या टोकांवर दालचिनीची पूड चोळली, फक्त टोकांवर. चांगल्या मुळाला ती लागली तर त्यालाही कोरडं करते. मग झाड दोन दिवस सावलीत उलटं टांगून ठेवलं. सासूबाईंना हे बघवत नव्हतं. "लेकराला पाणी कामून देईनात?" असं त्या दोनदा म्हणाल्या. जखमा सुकू द्यायच्यात म्हटल्यावर त्यांना पटलं.

टोपलीत लोणारी कोळशाचे अंगठ्याएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरले. सोडण आधी तीन दिवस पाणी बदलत भिजवलं, कारण त्यात क्षार आणि तपकिरी रंगाचा कस असतो. झाड टोपलीत पुरलं नाही. बुंधा वर ठेवून जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीनं पट्ट्यांना बांधला, जरासुद्धा हलणार नाही असा. नवं मूळ धरायला निघतं तेव्हा झाड हललं तर त्याचं कोवळं टोक घासून मरतं.

जागा ठरली अंगणातल्या हौदावर. वर कडुनिंबाची सावली, खाली पाणी, पूर्वेकडून सकाळचं ऊन.

पाण्याच्या निर्णयाला मात्र महिना गेला. आरओचं पाणी सगळ्यात सोपं होतं. पण घरगुती आरओ एक भाग पाणी देताना दोन-तीन भाग वाया घालवतो. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या शहरातल्या घरात एका फुलासाठी असं पाणी सांडायला सासूबाईंचा जीव धजेना. माझाही धजला नसता. आम्ही हिशेब मांडला. कडक उन्हाळ्यात सकाळी दीड लिटर आणि फवाऱ्याला पाव लिटर, म्हणजे दिवसाला दोन लिटरच्या आत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत साधारण शंभर दिवस. २०० लिटरचा एक ड्रम पुरतो. त्या वर्षीचा पाऊस अजून संपला नव्हता. गच्चीच्या पन्हाळीखाली दोन निळे ड्रम लावले, तोंडाला डासांची जाळी, वर काळं कापड. परतीच्या पावसानं ते भरले. सकाळी टोपलीतून निथळणारं पाणी खाली घमेल्यात धरून तुळशीला घालायचं, हे सासूबाईंनी ठरवलं.

हिवाळ्यात आम्ही पाणी तोडलं, आठवड्यातून दोनदा, तेही ऊन वर आल्यावर. डिसेंबरच्या थंड रात्री भिजलेला बुंधा पुन्हा कुजतो. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चूक झाली, आणि ती माझी. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो हे मला लहानपणापासून माहीत. अंगण झाडताना हात दुखतात. तरी जागा ठरवताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. सावली दोन आठवड्यांत गेली, दुपारचं ऊन थेट टोपलीवर आलं आणि सगळ्यात वरच्या पानावर रुपयाएवढा पांढरा डाग पडला. चार दिवसांत तो काळा झाला. पान जाड असल्यानं डाग पुढं पसरला नाही, पण खूण अजून आहे.

घाबरून आम्ही ७५ टक्के सावलीचं हिरवं शेड नेट बांधलं. वेळेचं गणितही बदललं. रात्रीची हवा हीच अडचण असेल तर ओलावा रात्री द्यायला हवा. म्हणून संध्याकाळी सातनंतर मुळांवर बारीक फवारा आणि हौदाच्या कठड्यावर ओलं पोतं. एरवी पुस्तकी सल्ला असा असतो की आमरीला संध्याकाळी पाणी देऊ नये, पानांच्या बेचक्यात पाणी साचून कोंब कुजतो. दमट प्रदेशात तो अगदी बरोबर आहे. आमच्याकडं एप्रिलमध्ये संध्याकाळी भिजवलेलं मूळ तासाभरात पुन्हा रुपेरी व्हायचं. मी घड्याळ लावून पाहिलं, मगच हा निर्णय घेतला. पावसाळा लागल्या दिवशी संध्याकाळचा फवारा बंद.

मेच्या मधल्या दोन आठवड्यांत पारा बेचाळिसावर गेला तेव्हा दुपारपुरती टोपली कूलर चालणाऱ्या खोलीच्या खिडकीत आणली, कूलरच्या थेट झोतात नाही, बाजूला. अंगणात आमचं छोटं आर्द्रतामापक १७ दाखवत होतं, त्या खिडकीत ५८.

खत पहिल्या वर्षी दिलंच नाही. मुळं नाहीत तर खत घेणार कोण? नवी मुळं दिसल्यावर, पावसाळ्यात, १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा.

निष्पत्ती

पहिल्या उन्हाळ्यात दोन पानं गेली, तीन राहिली. जुलैत, म्हणजे मातीतून काढल्यापासून जवळजवळ दहा महिन्यांनी, बुंध्याच्या वरच्या बाजूनं हिरव्या टोकाचं मूळ फुटलं, मग दुसरं. ताईंनी पहाटे साडेपाचला फोन केला होता. ते मूळ टोपलीच्या पट्टीला जाऊन चिकटलं तेव्हा मला खात्री वाटली की आता हे झाड जगतं.

दुसऱ्या वर्षी पानं वाढली, गडद हिरवीगार. घरातले खूश होते, मी नव्हतो. जून गेला, फुलोरा नाही. गडद हिरवा रंग म्हणजे उजेड कमी पडतोय. फुलायला तयार झाडाचं पान किंचित पिवळसर हिरवं असतं. डाग पडल्याच्या धास्तीनं आम्ही जास्तच सावली केली होती. ऑक्टोबरमध्ये ७५ टक्क्यांचं नेट काढून ५० टक्क्यांचं लावलं, उन्हाळ्यात एकदम न बदलता, म्हणजे पानांना सवय होते.

तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी पानाच्या बगलेत हिरवी गाठ दिसली. मूळ की फुलोरा, यावर दोन दिवस वाद. मूळ गोल टोकाचं असतं, हे जरा चपटं आणि सालीसालींचं होतं. फुलोरा वीतभर उतरला असताना घरचे सगळे तीन दिवस लग्नाला गेले. शेजारच्या मुलानं सकाळचं पाणी दिलं, संध्याकाळचा फवारा राहिला. टोकाकडच्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. उरलेल्या अडतीस जूनच्या पहिल्या आठवड्यात उमलल्या आणि अठरा दिवस टिकल्या. माहेरच्या वेण्यांपुढं ही छोटीच. ताईंनी एक फूलही तोडलं नाही.

याच सुमारास नातेवाइकांतला एक मुलगा म्हणाला की सह्याद्रीत त्याची ओळख आहे, जंगलातून अशी वीस झाडं आणून देतो. ताईंनी मला विचारलं आणि मी स्पष्ट नको म्हणालो. राखीव जंगलातून झाड काढणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, आणि ऑर्किडचं सबंध कुळ साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या यादीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आमरीचं बी धुळीसारखं असतं, त्यात साठवलेलं अन्न नसतं. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. जंगलात एक झाड फुलण्याइतकं मोठं व्हायला बरीच वर्षं लागतात. ताईंचं झाड घरच्या पडलेल्या फांदीवरचं होतं, ती गोष्ट वेगळी. ज्यांना हवंय त्यांनी प्रयोगशाळेत बियांपासून किंवा ऊतीसंवर्धनानं वाढवलेलं रोप रोपवाटिकेतून बिल घेऊन आणावं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा निर्णय मी येण्याआधीच होऊन गेला होता. ताईंनी झाड ओढून सोडवलं तेव्हा सालीला चिकटलेली निम्मी मुळं तुटली. फांदी जळणालाच जाणार होती. कोयत्यानं सालीसकट लाकडाची चिरफळी काढून तीच लातूरला आणली असती तर कदाचित वर्ष वाचलं असतं. या जातीला मुळं हलवलेली अजिबात सोसत नाहीत. त्यामुळेच आता कोळसा बदलायची वेळ आली तरी आम्ही झाड काढणार नाही, जुनी टोपली तशीच मोठ्या टोपलीत बसवू.

प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी भोकं पाडलेलं खोकं हवं होतं. आणि पहिल्याच दिवशी कुणाला तरी विचारायला हवं होतं, ही खंत ताईंना आहे. मी त्यांना त्याचा दोष देत नाही, कुंडी म्हटलं की आपल्याकडं माती हे गृहीतच असतं.

परत पाठवण्याच्या माझ्या सल्ल्याबद्दल मी पुष्कळ विचार केला. झाड जगलं म्हणून तो सल्ला चुकीचा होता असं मला वाटत नाही. तीन वर्षं रोज दोन वेळा कुणीतरी हौदाशी उभं राहिलं म्हणून ते जगलं. ज्या घरात हे जमणार नाही त्यांना मी आजही हेच सांगेन, किंवा रास्ना लावायला सांगेन. रास्ना म्हणजे वांडा टेसेलाटा, आपल्या कोरड्या पानझडी रानात आंब्या-बाभळीवर वाढणारी आमरी. तिला आपला उन्हाळा जन्मापासून ओळखीचा असतो. रोपवाटिकेतलं रास्नाचं रोप मिळालं तर मराठवाड्यात सुरुवात तिच्यापासून करावी.

शेड नेटचं आता पंचांग झालंय. महाशिवरात्रीच्या आधी ५० टक्क्यांचं नेट चढतं, कडुनिंबाला नवी पालवी दाट झाली की एका बाजूनं सोडतात. लग्नासराईत घराबाहेर जायचं झालं तर शेजारच्या मुलासाठी फवाऱ्याच्या बाटलीवर कागद चिकटवलेला असतो: सकाळी टोपली, संध्याकाळी फक्त मुळं.

या वर्षी फुलोऱ्यावर एक शेंग धरली होती. ताईंना ती ठेवायची होती. पण शेंग पिकायला कित्येक महिने लागतात आणि तोवर ती झाडाचा जोर ओढत राहते. सहा पानांच्या झाडाला ते जड जाईल असं मला वाटलं. दोन दिवस विचार करून त्यांनीच कात्री लावली. ड्रम धुऊन पालथे घातलेत. पहिल्या पावसानं गच्चीवरची धूळ वाहून जाऊ द्यायची आणि दुसऱ्या पावसाला पन्हाळीखाली सरकवायचे, एवढं काम आता राहिलंय.